भिंगाखाली

यंत्र पुरते बंद पडले तर त्यातला दोष सापडतो. मधूनच चालणारे आणि मधूनच थांबणारे यंत्र मात्र माणसाचा अंत पाहते, असे वडील म्हणत. ते घड्याळांविषयी बोलत असत. जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ साली बंगळुरात एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला. त्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. निवृत्तीनंतर, २००३ साली घेतलेल्या संगणकावर त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. ते गेले, आणि काही दिवसांतच तो संगणकही वीस-वीस मिनिटांनी निळा पडदा दाखवून मान टाकू लागला.

हार्ड डिस्क काढून फाइली उतरवून घेतल्या. परंतु माझ्या यंत्रावर वडिलांचे मराठी उमटेना. जुन्या फाँटांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. १९९१ साली युनिकोडने देवनागरीला तिची स्वतःची जागा दिली, तरी ती जुनी रीत पुढे पुष्कळ वर्षे टिकली. फाँट पालटून देणाऱ्या प्रोग्रॅमने मजकूर वाचण्याजोगा झाला खरा, पण रफार निखळले, जोडाक्षरे फुटली. ‘कर्ता’चा ‘कता’ झाला. मूळ पान पाहिल्याखेरीज ताडून घेता येईना, आणि त्या पानाचा पडदा तर टिकेना.

मग एकेक शक्यता वगळत जाणे आले. धूळ झाडली, प्रोसेसरवरचा सुकलेला लेप बदलला; वीस मिनिटांची चाळीस झाली, इतकेच. मेमरीच्या दोन पट्ट्या खोडरबराने घासून आलटूनपालटून लावल्या. पॉवर सप्लाय दुसरा जोडला. दोष जागचा हलेना. एस. पी. रोडवरच्या दुकानात नेले, तर तेथे, झाकण उघडे आणि वर पंखा, ते अडीच तास निर्वेध चालले; वैद्यासमोर ताप उतरावा तसे! “घर की बीमारी घरमेंइच दिखती, साब,” कारागीर म्हणाला.

अखेर वडिलांचे डोळ्याला लावायचे भिंग काढले. प्रोसेसरशेजारच्या कॅपॅसिटरांच्या रांगेत तिघांची माथी फुगलेली होती, एकाच्या कडेला तपकिरी डाग. त्या काळातल्या पुष्कळ मदरबोर्डांना हा रोग जडला होता : आतला द्रव बिघडतो, वायू साठतो, आणि प्रोसेसरला मिळणारा विजेचा दाब स्थिर राहत नाही. कारागिराने तिन्ही उपटून नवे डाख देऊन बसवले.

आता रोज दोन पाने ताडून होतात. काल ‘केशकमान’ हा शब्द मिळाला. घड्याळातल्या केसाएवढ्या स्प्रिंगसाठी त्यांनी तो योजला होता. माझ्या प्रतीत तेथे दोन रिकाम्या चौकटी होत्या.