आईची वही आणि घरचे छपाईयंत्र

आमच्या घरी छपाईचे यंत्र यावे की न यावे, हा वाद गेली तीन वर्षे चालू होता आणि त्यात मी सातत्याने विरोधी पक्षात होतो. शाळेत एक यंत्र आहेच. बंगळुरूहून कन्नडमध्ये येणारी परिपत्रके, आम्ही केलेली त्यांची मराठी भाषांतरे, चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका असा सारा भार ते कुरकुरत वाहते. दिवसभर ज्याची कुरकुर ऐकायची, तेच पुन्हा घरी आणून का बसवावे? शिवाय बेळगावात झेरॉक्सची दुकाने काही थोडी नाहीत.

माझा विरोध मोडला तो आईच्या वहीने.

आई १९६६ साली लग्न होऊन या घरात आली, त्या वर्षीची ही वही. साधी, शाळेतल्या मुलाची असते तशी. सगळी शिसपेन्सिलीने लिहिलेली. कारण घरातले एकुलते एक शाईचे पेन वडिलांच्या खिशात कचेरीला जात असे. तीत मांड्यांचे प्रमाण आहे, कुंद्याला दूध किती वेळ आटवावे ते आहे, डोहाळजेवणाच्या ओव्या आहेत, कोणाच्या लग्नात कोणता आहेर दिला त्याच्या नोंदी आहेत, आणि मला गोवर आला ती तारीखही आहे. दोन वर्षांपूर्वी आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. परंतु दोष डोळ्याच्या पडद्यातही निघाला. एके दिवशी ती वही डोळ्यांपासून जवळ-दूर करीत म्हणाली, "माझंच अक्षर मला वाचता येईना रे."

मी लगेच वही घेऊन एका दुकानात गेलो. अक्षर मोठे करून द्या म्हणालो. पिवळ्या पडलेल्या कागदाचा काळा धूर झाला आणि पेन्सिलीच्या रेघा त्यात बुडून गेल्या. एवढ्यावर भागले असते तरी चालले असते. पण पान नीट टेकावे म्हणून तेथल्या मुलाने वरचे झाकण जोराने दाबले. वहीची शिवण उसवली आणि दोन पाने सुटून हातात आली. आई काही बोलली नाही. चष्मा लावून, चाचपडत तिने पाने दोऱ्याने टाचली आणि मग एवढेच म्हणाली, "आता ही घराबाहेर जायची नाही."

म्हणजे यंत्रच घरात आणणे प्राप्त होते. छापणारे, नक्कल काढणारे आणि कागदाचे चित्र उतरवून घेणारे असे तिन्ही कामांचे एकच यंत्र हवे होते. ज्याला हल्ली 'ऑल-इन-वन' म्हणतात. प्रश्न कोणते, हा होता. आणि या प्रश्नाने माझे चार रविवार खाल्ले.

पहिला उमेदवार लेझरचा. माझा ओढा त्याच्याकडेच होता. त्यात शाई नसून टोनर नावाची बारीक भुकटी असते आणि ती उष्णतेने कागदावर वितळवून बसवली जाते. त्यामुळे अक्षर पाण्याने फुटत नाही आणि महिनाभर यंत्राला हात लावला नाही तरी काही सुकत नाही. पण ही उष्णता निर्माण करताना यंत्र एकदम पुष्कळ वीज ओढते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते आणि घर इन्व्हर्टरवर चालते. त्याला हा झटका मानवणारा नव्हता. यंत्रासोबत मिळणारे टोनरही पुष्कळदा पूर्ण भरलेले नसते, हे विक्रेता आपणहून सांगत नाही.

दुसरा उमेदवार लहान डबीच्या शाईचा, म्हणजे कार्ट्रिजचा. यंत्र स्वस्त, डबी महाग! घोडा फुकट देऊन चाबकाचे पैसे घ्यावेत तसा हा व्यवहार आहे. तो मी बाजूला ठेवला.

तिसरा टाकीचा. बाटलीतली शाई टाकीत ओतायची. एका काळ्या बाटलीत चार-साडेचार हजार पाने निघतात, असे खोक्यावर छापलेले होते. हे आकडे ठरावीक नमुन्याच्या पानांवर मोजलेले असतात. आपल्या पानांचा हिशेब वेगळा निघतो, हे ध्यानात ठेवलेले बरे. तरीही पानामागे खर्च सर्वांत कमी याचाच. दोष एकच, पण मोठा: दीर्घकाळ न वापरल्यास शाई बाहेर सोडणारी सूक्ष्म छिद्रे सुकून बुजतात. ती मोकळी करण्यासाठी यंत्राला सफाईची आज्ञा द्यावी लागते आणि त्या सफाईतही शाईच खर्ची पडते. आम्ही उन्हाळ्याच्या सुटीत मुलीकडे बडोद्याला जातो. परत येऊन पाहावे तो यंत्र मुके झालेले, हे चित्र मला दिसू लागले.

निर्णय झाला तो दुकानातल्या परीक्षेने. आईची वही नेता येत नव्हती, म्हणून शाळेतल्या एका मुलाची जुनी, पेन्सिलीने लिहिलेली वही मागून नेली. ती दोन्ही यंत्रांवर ठेवून पाहिली. काळ्या-पांढऱ्या लेझरच्या नकलेत कागद राखाडी आणि अक्षर पुसट आले. टाकीच्या रंगीत नकलेत पिवळा कागद पिवळाच राहिला आणि पेन्सिल वेगळी उठून दिसली. लेझरच्या यंत्रातही चित्र रंगीत उतरते, पण ते छापायचे म्हटले की रंग जातोच.

याच परीक्षेत आणखी एक गोष्ट समजली. घरगुती यंत्रांत जी काच असते, तिच्याखालची नजर फार उथळ असते. काचेला टेकलेले तेवढे तिला स्वच्छ दिसते. शिवणीपाशी पान जरा उचलले गेले की तेथली अक्षरे धूसर होतात. यावर उपाय वही दाबणे हा नव्हे, हे मी आता जाणून होतो. झाकण उघडे ठेवून, वरून काळा कापड टाकून, एका वेळी एकच पान हलक्या हाताने टेकवायचे. वरच्या बाजूने आपोआप पाने ओढून घेणारी सोय असलेले महाग यंत्रही विक्रेत्याने पुढे केले. पण जुनी पाने त्या रुळांच्या तोंडी देण्याची कल्पनाच मला सहन होईना.

टाकीचे यंत्र घरी आले. त्याला वायफायवर बसवताना एक संध्याकाळ गेली, ती सूनबाईमुळे वाचली. आमच्या राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन मार्ग आहेत. मोबाइल दुसऱ्यावर होता आणि यंत्राला पहिलाच कळत होता. हे तिला पाच मिनिटांत उमगले. मी तोवर यंत्राचे बटण दाबून दाबून त्याच्याशी शिक्षकी भाषेत बोलत होतो.

आता रीत अशी बसली आहे. वहीचे पान इंचाला ६०० ठिपके इतक्या बारकाईने उतरवायचे, म्हणजे मोठे केले तरी अक्षर फाटत नाही. मग पानाचे वरचा आणि खालचा असे दोन भाग करून प्रत्येक भाग आडव्या कागदावर पावणेदोन पट मोठा छापायचा. दर रविवारी एकच पान. यंत्र सुकू नये म्हणून आठवड्यातून एकदा रंगीत काही छापावे, असे विक्रेत्याने सांगितले होते. आईनेही घाई केली नाही.

पहिल्या रविवारी मी मांड्यांचे पान तिच्या हाती दिले. खिडकीपाशी बसून तिने ते बोट फिरवीत, ओठ हलवीत, बराच वेळ वाचले. मग मला हाक मारली. मला वाटले, छपाईत काही चुकले.

"रव्याचं माप चुकलंय," ती म्हणाली. "नवी होते तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, ते घाईत उलटं लिहिलं. करताना बरोबरच करत होते. पेन्सिल आण."

मी पेन दिले. ते तिने परत केले आणि पेन्सिलच मागून घेतली.