खड्ड्यात उडणारा फ्यूज

आंबे बहाराची मोसंबी उतरू लागली की जालना जिल्ह्यातल्या रस्त्यांवर दिवस मावळल्यानंतर पिकअपचं राज्य असतं. दिवसभर बागेत तोडणी चालते, ऊन कलल्यावर कॅरेट भरतात आणि दुसऱ्या दिवशीच्या बाजाराला गाडी जालन्यात हजर लागते. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही मोसंबी पुढे ट्रकने पार दिल्लीपर्यंत जाते. पण बागेतून बाजारापर्यंतचा पहिला टप्पा पिकअपचाच. बांधाच्या कडेने जाणाऱ्या गाडीवाटेत मोठा ट्रक शिरत नाही आणि शिरलाच तर निघत नाही.

त्याच सुमारास अंकुशनगर आणि तीर्थपुरीच्या साखर कारखान्यांची धुराडी पेटायच्या बेतात असतात. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की अंबड आणि घनसावंगी भागात रात्री गाडी हाकणाऱ्याचे डोळे समोरच्या अंधारात लाल ठिपका शोधत राहतात. ठिपका दिसला नाही आणि एकदम उसाची भिंत समोर आली, असा प्रसंग इथल्या प्रत्येक ड्रायव्हरकडे सांगायला असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 चे. त्यांत मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसला पाहिजे असं लिहिलं आहे. तो दिवा ज्या फ्यूजच्या पातीवर चालतो, ती माणसाच्या नखाएवढी असते आणि पाच-दहा रुपयांत मिळते.

मेहुण्याच्या बागेतला माल घेऊन आम्ही अंबडहून जालन्याला निघालो होतो. पिकअप भाड्याची, ड्रायव्हर पन्नाशीचे. गावात सगळेच त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणत होतो. गोलापांगरीच्या अलीकडे एक मोटारसायकलवाला बरोबरीने आला आणि ओरडून गेला, "मागचे लाइट बंद हायेत तुमचे!" मामांनी आधी डॅशबोर्डकडे पाहिलं. तिथेही अंधार. स्पीड किती, डिझेल किती, काही दिसत नव्हतं. पुढचे हेडलाइट मात्र लख्ख पेटलेले.

"फ्यूज गेला," मामा म्हणाले आणि एका बंद टपरीसमोर गाडी कडेला घेतली.

निदान बरोबर होतं आणि ते न उतरता झालं होतं. गाडीत प्रत्येक कामाला वेगळा फ्यूज असतो. हेडलाइटचा निराळा, ब्रेकलाइटचा निराळा, हॉर्नचा निराळा. मागचे लाल दिवे, पुढचे बारके दिवे, नंबरप्लेटवरचा दिवा आणि डॅशबोर्डचा उजेड हे सगळं बहुतेक गाड्यांत एकाच सर्किटवर असतं. एक बल्ब गेला तर एकच जागा अंधारते. सगळं एकदम गेलं तर मुळाशी फ्यूज पाहायचा.

मामांनी चावी बंद केली, स्टिअरिंगखालचं झाकण काढलं आणि मोबाइलची बॅटरी माझ्या हातात दिली. आत रंगीबेरंगी पात्या ओळीने बसलेल्या. हे रंग हौसेचे नसतात. तपकिरी साडेसात अँपिअर, लाल 10, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30. कुठल्याही कंपनीची गाडी घ्या, बहुतेक हेच रंग. पूर्वी गाड्यांत काचेच्या नळीचे फ्यूज असत. लिटलफ्यूज या अमेरिकन कंपनीने 1976 साली पातीचा फ्यूज आणला आणि तो जगभर रुळला. पाती अर्धपारदर्शक असल्याने आतली तार शाबूत आहे की नाही, ते उजेडात धरून कळतं.

झाकणाच्या आतल्या बाजूला कोणती पाती कशाची याचा नकाशा होता. मामांनी तो न वाचताच एक लाल पाती चिमट्याने ओढली आणि बॅटरीसमोर धरली. मधली तार तुटलेली होतीच, शिवाय प्लॅस्टिकच्या आत काजळी फासल्यासारखा काळा डाग होता. हा डाग महत्त्वाचा असतो. भार थोडासाच जास्त झाला की तार हळूहळू वितळते आणि स्वच्छ तुटते. वीज सगळे बल्ब सोडून थेट लोखंडाला भिडली, म्हणजे शॉर्ट झाला, की तार क्षणात फुटते आणि आतून काळं होतं.

सुटा फ्यूज गाडीत नव्हता. मामांनी टेपची पाती काढली. तीही लाल, तीही 10 ची. गाणी बंद पडली आणि मागचे दिवे पेटले. पाच मिनिटांत काम झालं, आम्ही निघालो. पुढचा मोठा खड्डा आला, कॅरेट धडधडली आणि डॅशबोर्ड पुन्हा विझला.

आता मागून आलेला दुसरा एक पिकअपवाला थांबला. त्याच्याकडे हिरवी पाती होती. "तीसची टाका मामा, उडायचं नावच घेणार नाही." त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. या सर्किटवरचे बल्ब पाच-पाच वॅटचे. 12 व्होल्टवर असा एक बल्ब अर्ध्या अँपिअरहूनही कमी वीज घेतो. सगळे मिळून अडीच-तीन अँपिअर. दहाच्या पातीला हा भार काहीच नाही. तरी ती उडते, याचा अर्थ कुठेतरी वीज भलतीकडे वाहते आहे. अशा जागी तीसची पाती बसवली की पाती टिकते आणि तिच्याऐवजी वायर तापते. ती बारीक वायर चासीला बिलगून, डिझेलच्या टाकीजवळून मागे गेलेली असते.

मराठवाड्यात ही सवय शेतातून आलेली आहे. डीपीवरचा फ्यूज गेला की शेतकरी लाइनमनची वाट पाहत बसत नाही. रब्बीत भिजवण्याची पाळी असते, वीज ठरावीक तासच असते आणि सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू होतात. मग कुणीतरी जाड तार बांधून देतो. तार टिकते, काही दिवसांनी ट्रान्सफॉर्मरच जळतो आणि अख्खा शिवार नव्या डीपीसाठी हेलपाटे घालतो. गाडीत तेच काम सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी करते. जळक्या पातीला ती गुंडाळून बसवली की दिवा लागतो आणि ड्रायव्हर विसरून जातो.

मामांनी हिरवी पाती घेतली, वरच्या खिशात टाकली आणि त्या पोराला "बरं" म्हणाले. बसवली मात्र नाही. चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून, रस्त्याच्या कडेकडेने, आम्ही जालन्याची वाट धरली. फाळक्यावरची लाल चकाकती पट्टी आणि ब्रेकलाइट एवढाच आधार. ब्रेकलाइटचा फ्यूज वेगळा असल्याने तो चालू होता आणि मामा कारण नसताना अधूनमधून ब्रेकवर पाय टेकवत होते.

जालन्यातल्या अंबड चौफुलीजवळ एका वायरिंगवाल्याचं दुकान उघडं सापडलं. मामा त्यांना वस्ताद म्हणत. वस्तादांनी फ्यूजबॉक्सकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी विचारलं, "लाइट लावल्या लावल्या उडतो का खड्ड्यात?"

"खड्ड्यात."

"मग खाली हाय."

लाइट लावताक्षणी फ्यूज उडत असेल, तर वायर कायमची लोखंडाला चिकटलेली असते. हादऱ्याने उडत असेल, तर ती मोकळी आहे पण घासते. गाडीत बॅटरीचं ऋण टोक थेट बॉडीला जोडलेलं असतं. चासी, हौदा, फाळके, सगळं लोखंड म्हणजे परतीची वायरच. त्यामुळे बल्बकडे जाणाऱ्या वायरचं तांबं कुठेही उघडं पडून पत्र्याला लागलं की शॉर्ट.

यापुढे वस्तादांनी जे केलं, ते पाहण्यासारखं होतं. त्यांनी नवा फ्यूज लावलाच नाही. इंडिकेटरचा 21 वॅटचा एक बल्ब घेतला, त्याच्या होल्डरला दोन वायरी होत्या. त्या वायरींची टोकं फ्यूजच्या रिकाम्या खाचेत खोचली. म्हणजे वीज आता या बल्बमधून गेल्याशिवाय पुढे जाणार नाही आणि शॉर्ट कितीही मोठा असला तरी या बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर काही जाऊ शकत नाही. वायर जळत नाही, फ्यूज वाया जात नाहीत. मग त्यांनी मागचे दोन्ही बल्ब काढून ठेवले. लाइटचं बटण दाबल्यावर हातातला बल्ब मंद तांबूस पेटला, कारण पुढचे बल्ब आणि डॅशबोर्ड त्याच्यासोबत वीज वाटून घेत होते.

"हा भडकला की सांगा," वस्ताद मला म्हणाले आणि गोणपाट टाकून गाडीखाली सरकले.

मी सीटजवळ बल्ब धरून उभा. खालून ते वायरचा जुडगा एकेका हाताच्या अंतरावर हलवत मागे मागे जात होते. बराच वेळ काही नाही. डाव्या बाजूच्या मागच्या लाइटजवळ पोचले आणि बल्ब एकदम पांढराशुभ्र झाला.

"भडकला!"

"सापडली."

हौद्याच्या लोखंडी अँगलला गोल भोक पाडून त्यातून वायर नेलेली होती. भोकात रबरी वॉशर असायला हवा होता, तो नव्हता. प्रत्येक खड्ड्यात वायर त्या धारदार कडेवर घासत गेली आणि वरचं प्लॅस्टिक कापून तांबं उघडं पडलं. नख लावून पाहिलं तर तांबं घासून चकचकीत झालेलं आणि भोकाच्या कडेला ठिणगीचा काळा ठिपका. वस्तादांनी तेवढा तुकडा कापला, नवा जोडला, जोडावर टेप आणि टेपवर नळी चढवली, भोकात रबर बसवलं आणि वायर हलू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळली. त्यानंतर कुठे लाल पाती खाचेत गेली. मामांनी गाडी समोरच्या गतिरोधकावरून मुद्दाम जोरात नेऊन आणली. दिवे टिकले.

तेवढ्यावर वस्ताद थांबले नाहीत. गाडीच्या उजव्या बाजूलाही तसंच भोक होतं. तिथली वायर अजून फाटली नव्हती, पण वरचं प्लॅस्टिक निम्मं झिजलेलं. तिथेही रबर बसलं.

मामांनी खिशातली हिरवी पाती दाखवून विचारलं, "ही असू द्यावी का जवळ?" वस्तादांनी ती घेऊन आपल्या डब्यात टाकली आणि बदल्यात लाल चार दिल्या. त्यातली एक लगेच टेपच्या जागी बसली, उरलेल्या झाकणाच्या आतल्या खाचेत.

पैशांचा हिशेब मात्र गाडीमालकाला पटेना. मामांचा फोन स्पीकरवर होता.

"फ्यूजला एवढे पैसे?"

"फ्यूजचे नाहीत शेठ, शोधायचे."

"शोधायचे कसले पैसे?"

मामांनी कापून काढलेला वायरचा तुकडा आणि भोकाची कडा, दोन्हींचे फोटो पाठवले. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग शेठ म्हणाले, "दुसरी गाडी बी त्याच बॉडीवाल्याकडची हाय. उद्या माल उतरला की ती बी घेऊन जा तिथं, भोकं बघून घ्या."