एक मीटर जास्त

अंबाजोगाईच्या एका कापडदुकानात मी दीड वर्ष नोकरी केली. काम कसले, तर तागे उलगडायचे आणि गिऱ्हाईक उठले की पुन्हा गुंडाळायचे! गादीवरची चादर शेठजी रोज सकाळी स्वतः झटकीत. माझ्या शेजारचे काका तीस वर्षे मापावरच होते. मीटर येऊन दहा वर्षे लोटली तरी त्यांच्या तोंडी वारच असे. हात मात्र पट्टीवर कधी चुकत नसे.

1973 सालची गोष्ट. दुष्काळ नुकताच सरला होता. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडे निघत. मुकादमाची उचल हाती पडली की दुकानात ही झुंबड! त्या रात्री काका उरलेले तागे मोजता मोजता थबकले.

"मांजरपाट एक मीटर जास्त भरतोय."

कमी भरता तर मी घाबरलो असतो. जास्त म्हटल्यावर हसलो. काका हसले नाहीत.

"कुणाला चारच दिलंस रे?"

आठवले. कडेवर पोर घेतलेली बाई. तिने पाच मागितले होते, आणि तिची टोळी पहाटे निघणार होती.

शेठजी तुकडा फाडायला निघाले, तर काका म्हणाले, "जोडाचं कापड कसं देता? सलग द्या." शेठजींनी मुकाट्याने सलग पाच फाडले, सायकल काढली, मला मागे बसवले.

मोंढ्याजवळ ट्रकच्या उजेडात ती सापडली. चार मीटरचा तुकडा तिने परत दिला. नवे कापड मात्र आमच्यादेखत हाताने मोजून घेतले. शेठजी दुसरे टोक धरून उभे होते.