साडेतीनशेचं प्रेशर

१२ जानेवारी २०२३, गुरुवार
भाचा पुण्याहून आमच्याकडे सुरतला उत्तरायणाला आलाय. केपीआयटी कंपनी आणि एनसीएल प्रयोगशाळेने २०२० मध्ये पुण्यात चालवून बघितलेल्या हायड्रोजनच्या मोटारीचे आकडे त्याला तोंडपाठ. टाकीत पावणेदोन किलो गॅस, ताशी ६०-६५ ने गेलं तर अंदाजे अडीचशे किलोमीटर. जाळायचं काहीच नाही. पातळ पडद्याच्या अलीकडे हायड्रोजन, पलीकडे हवा. त्यातून वीज होते आणि मागच्या नळीतून पाणी पडतं.

आईने सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हन्जे गाडी मुतस?"

१३ जानेवारी, शुक्रवार
मला पाण्याचं नाही, प्रेशरचं पडलंय. मिलमधला आमचा बॉयलर साडेदहा किलो प्रेशरवर चालतो, तरी पाळीवर आल्या आल्या आधी सेफ्टी व्हॉल्व्हकडे नजर जाते. रिक्षातला सीएनजी २०० बार. आणि ही टाकी ३५० ची! "मामा, आत ॲल्युमिनियम, वरून कार्बन फायबर गुंडाळलेलं असतं," भाचा म्हणाला. पडदा म्हणे ६५-७५ अंशांवर काम करतो. एवढ्यात चहा होत नाही. आमच्या मिलच्या जेट मशीनमध्ये पॉलिस्टर रंगायला १३० लागतात.

१४ जानेवारी, शनिवार
हिने सकाळी गच्ची झाडून धुतली. दुपारी पोरं पतंग सोडून जेवायला आली, तर जिन्यावर पायांचे काळे ठसे, पाची बोटं मोजता येतील असे. भाचा म्हणतो, शहरात अशा मोटारी आल्या की धूर संपला. अरे, ही काजळी मोटारीची नाही, आमच्या धुराड्यांची आहे. पांडेसऱ्यात राहून एवढं कळतं.

मग मी विचारलं, तो गॅस येतो कुठून? जरा घुटमळला. तापीपलीकडे हजिऱ्याला खतासाठी हायड्रोजन बनतो, पण नैसर्गिक वायूपासून. त्यात कार्बन डायऑक्साइड निघतोच. कवासला मात्र एनटीपीसीने याच महिन्यात वसाहतीतल्या चुलींच्या गॅसमध्ये वेगळा हायड्रोजन मिसळायला घेतलाय, सौर विजेवर पाणी फोडून काढलेला. तो पटला मला. मोटारीआधी चूल, हा क्रमही बरोबर वाटला.

१५ जानेवारी, रविवार
भाच्याला उधना स्टेशनला सोडायला निघालो. वाटेत रिक्षावाल्याने सीएनजीच्या रांगेत घातली आणि आम्हाला उतरवलं. उन्हात उभं राहून काटा चढताना बघत होतो.

"हायड्रोजन भरताना पण उतरावं लागेल का रे?"

"नाही मामा, आत बसून राहायचं."

"मग तू बस. मी इथूनच बघतो."