कोळंबीची सालं आणि म्हैसूरचा वाडा

म्हैसूरला गेलात की अंबाविलास राजवाडा, चामुंडी टेकडी आणि वृंदावन बाग तुम्ही पाहालच. मुलं सोबत असतील तर रेल्वे संग्रहालयही चुकवू नका. तिथून बाहेर पडलात की समोरच्या झाडीकडे जरा नजर टाका. तिथे आहे चेलुवांबा मॅन्शन. चौथ्या कृष्णराज वाडियार यांनी राजकन्या चेलुवाजम्मण्णींसाठी हा वाडा बांधून घेतला. १९५० पासून इथे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजेच सीएफटीआरआय आहे.

समुद्र इथून दूर, घाटापलीकडे. तरीही इथल्या शास्त्रज्ञांनी कितीतरी वर्षं आपल्या ओळखीच्या एका वस्तूवर काम केलं आहे: कोळंबीची सालं!

कोळंबी, खेकडा, शेवंड यांच्या अंगात हाडं नसतात. बाहेरचं कवच हाच त्यांचा सांगाडा. पण कवच वाढत नाही. अंग वाढलं की सापासारखी कात टाकावी लागते. नवं कवच आधी मऊ असतं, म्हणून ते कडक होईपर्यंत हे प्राणी लपून राहतात. शिजवल्यावर कवच लाल का होतं, हे मुलांनी विचारलं तर सांगा: लाल रंग आधीपासूनच असतो. तो प्रथिनाला बांधलेला असतो, उष्णतेने मोकळा होतो.

या कवचात मुख्यतः प्रथिनं, चुना आणि कायटिन असतं. झुरळाच्या पाठीवरही हेच कायटिन! कवच अल्कलीत टाकलं की प्रथिनं निघून जातात, सौम्य आम्लात चुना विरघळतो. उरलेलं कायटिन तीव्र अल्कलीत तापवलं की कायटोसान मिळतं. रक्त थांबवणाऱ्या पट्ट्या, गढूळ पाणी निवळणं, फळांवरचं आवरण अशा अनेक कामांना ते उपयोगी पडतं.

म्हैसूरच्या शास्त्रज्ञांनी कायटोसानचा पातळ, कुजून मातीत मिसळणारा पापुद्रा बनवला आणि आंब्याच्या खोक्यांना लावून पाहिला. २००२ मध्ये त्यांनी या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या खोक्यांतले आंबे जास्त दिवस टिकले होते. आपल्या कोकणात कोळंबी आणि आंबा एकाच अंगणात येतात, त्यांची अशी गाठ मात्र म्हैसूरात पडली.

कोळंबी सोलली की जवळपास निम्मं वजन डोकी आणि सालांचं निघतं. कारखान्यांत त्याचे ढीग साठतात, कुजतात आणि त्रास किनाऱ्यावरच्या वस्तीला होतो. त्यातून कायटिन काढलं तर घाण कमी होते आणि चार पैसेही मिळतात.

घरी कायटोसान करता येणार नाही, त्यातली रसायनं धोक्याची आहेत. पण पुढच्या वेळी डोकी आणि सालं फेकण्याआधी उकळून त्याचं पाणी कालवणात घाला. उरलेला चोथा कुंडीत खोल पुरा. वर ठेवलात तर मांजर आलंच म्हणून समजा!