पत्ता कुणाला विचारला?

"नवी नोकरी शोधतेयस म्हणे. खोली सोडणार असशील तर महिनाभर आधी सांग हं." आमच्या पीजीच्या काकू हे जिन्यात, येता-जाता म्हणाल्या. वाकडमधलं आमचं पीजी म्हणजे तीन मजले आणि सगळ्यांना मिळून एक वायफाय. नोकरी शोधतेय हे मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. शिवाय लॅपटॉपवर पैसे मोजून घेतलेला व्हीपीएन होता आणि अर्ज भरताना तो न चुकता चालू असायचा.

आधी संशय गेला तो अर्थात खोलीतल्या मैत्रिणीवर. बिचारीची सुटका काकूंच्या मुलाने केली. नेट हळू चालतंय अशी तक्रार आली, की तो राउटरचा लॉग उघडून कुणाचं काय चाललंय ते बघतो, असं त्यानेच अगदी सहजपणे सांगितलं. त्यात काही चुकीचं आहे असं त्याच्या गावीही नव्हतं. त्या लॉगमध्ये मजकूर दिसत नाही, पासवर्ड दिसत नाहीत. दिसतात ती फक्त संकेतस्थळांची नावं, वेळ आणि कुठल्या यंत्राने विचारणा केली ते. माझ्या लॅपटॉपला माझंच नाव दिलेलं असल्यामुळे पुढचं कोडं त्याला सोडवावंच लागलं नाही.

व्हीपीएन चालू असताना ही नावं राउटरला कळलीच कशी, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. व्हीपीएन बंद पडला होता असंही नाही. माझा आयपी पत्ता तपासणारी पानं मला नेदरलँड्समध्ये बसलेली दाखवत होती. पण कुठलंही संकेतस्थळ उघडण्याआधी लॅपटॉपला त्या नावाचा आकडी पत्ता कुणाला तरी विचारावा लागतो. ही व्यवस्था म्हणजे डीएनएस. पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 मध्ये ती मांडली, आणि तिच्यातली साधी विचारणा आजही 53 क्रमांकाच्या पोर्टवरून उघडीच जाते. ती व्हीपीएनच्या बोगद्यातून न जाता बाहेरून गेली, तर पाकीट लाखेने बंद करून पत्ता मात्र चौकातल्या पानवाल्याला ओरडून विचारल्यासारखं होतं.

ही गळती पकडणाऱ्या चाचण्या ब्राउझरमध्ये फुकट करता येतात. त्यांची युक्ती मला फार आवडली. चाचणीचं पान तुमच्या ब्राउझरला आधी कुणीच विचारलेली नसतील अशी चार-सहा ऊटपटांग नावं शोधायला लावतं. त्या नावांची उत्तरं फक्त चाचणीवाल्यांच्याच सर्व्हरकडे असतात. त्यामुळे तुमच्या वतीने विचारायला कोण आलं, हे त्यांना आपोआप दिसतं. मी चाचणी केली. निकाल एकदम स्वच्छ. काकूंच्या वाक्याचा पुरावा समोर नसता, तर मी तिथेच थांबले असते.

उलगडा झाला तो दुसऱ्या ब्राउझरमध्ये. नोकरीचे अर्ज मी वेगळ्या ब्राउझरमधून भरत असे, ऑफिसच्या खात्यांशी सरमिसळ नको म्हणून. तिथे तीच चाचणी केली, तर आमच्या इमारतीला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचे सर्व्हर रांगेने हजर! पहिल्या ब्राउझरमध्ये सुरक्षित डीएनएसची सोय चालू होती. म्हणजे तो नावांची विचारणा स्वतःच, एचटीटीपीएसमध्ये गुंडाळून करत होता. या पद्धतीचं मानक 2018 मध्ये आलं. सोय उत्तम आहे, पण ती त्या एका ब्राउझरपुरती. लॅपटॉपमधले बाकीचे प्रोग्रॅम राउटरलाच विचारत होते. टीसीपीडम्प नावाच्या साधनाने वायफायवरच्या 53 पोर्टची वाहतूक उघडी करून पाहिली. मेल, अपडेट, घड्याळ जुळवणारी सेवा, सगळ्यांची नावं सरसर वर सरकत होती. हे बघून जरा लाजायलाच झालं.

कारण अगदी किरकोळ निघालं. व्हीपीएन जोडणाऱ्या वायरगार्ड या प्रोग्रॅमसाठी कंपनीने दिलेल्या फाइलमध्ये सगळी वाहतूक बोगद्यात घाला असं लिहिलं होतं, पण नावं कुणाला विचारायची ती डीएनएसची ओळच नव्हती. त्यामुळे लॅपटॉपने वायफायकडून मिळालेला जुना पत्ता कायम ठेवला: 192.168.1.1, म्हणजे राउटर. आणि राउटर त्याच जाळ्यात शेजारी बसलेला असल्याने त्याच्याकडे जायला बोगद्याची गरजच नाही. यंत्राच्या दृष्टीने सगळं नियमानुसार चाललं होतं.

कंपनीला लिहिल्यावर त्यांनी बोगद्याच्या आतला, 10 ने सुरू होणारा डीएनएस पत्ता कळवला. तो का दिला नव्हता याचं उत्तर मात्र आलं नाही. ओळ घातली, तर वायरगार्ड सुरूच होईना. रिझॉल्व्हकॉन्फ सापडत नाही म्हणून रुसून बसलं. लिनक्सवर हे नेहमीचंच, ते पॅकेज टाकलं की मिटतं. त्यानंतर टीसीपीडम्पची खिडकी कोरी राहिली.

तरी एक भोक उरलंच होतं. फाइलमध्ये 0.0.0.0/0 होतं, म्हणजे फक्त आयपीव्ही4. हल्ली बऱ्याच जोडण्यांवर आयपीव्ही6 सुद्धा मिळतं, आणि ती वाहतूक राजरोस बाहेरून जात होती. त्याच ओळीत ::/0 जोडल्यावर तीही आत वळली. व्हीपीएनच्या सर्व्हरला आयपीव्ही6 झेपत नसेल, तर ती तिथेच अडते आणि ब्राउझर आयपीव्ही4 ने जातो. थोडा वेळ खातो इतकंच.

फोनबद्दल मी कमी निश्चिंत आहे. अँड्रॉइडमध्ये व्हीपीएन कायम चालू ठेवण्याची आणि त्याच्याशिवाय जोडणी अडवण्याची सोय आहे, ती चालू करावीच. पण या दोन्ही सोयी चालू असतानाही, व्हीपीएन बंद-सुरू होतानाच्या क्षणी काही ॲपच्या डीएनएस विचारणा बाहेर निसटतात, असं स्वीडनच्या मुलवाड कंपनीने मे 2024 मध्ये जाहीर केलं होतं.

आणि गळती थांबली म्हणजे आता कुणालाच काही दिसत नाही, असंही नाही. राउटरला दिसणारी नावं आता व्हीपीएन कंपनीला दिसतात. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांवर ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपण्याचं बंधन आलं, आणि त्यानंतर काही नावाजलेल्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. माझ्यापुरतं सांगायचं तर समोरच्या दारात राहणाऱ्या माणसापेक्षा नेदरलँड्समधला परका मला परवडतो. पत्रकाराला किंवा वकिलाला तसंच वाटेल असं नाही.

तुम्ही पीजीत, हॉस्टेलवर किंवा दुसऱ्याच्या वायफायवर राहत असाल, तर व्हीपीएन चालू करून गळतीची चाचणी जरूर करा. फक्त ती तुमच्या प्रत्येक ब्राउझरमध्ये करा, आणि जमलं तर ब्राउझरच्या बाहेरही. वायफाय बदललं की पुन्हा करा. आणि लॅपटॉपला स्वतःचं नाव देऊ नका.