कितव्या पायरीवर?

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. गेली तीन-चार वर्षं ह्यांच्या हातातली भाजीची पिशवी दुसऱ्या वळणावर मीच घेत असे. "वय झालं आता," असं हेही म्हणायचे, मीही म्हणायची. बादली म्हणू नका, सिलिंडर म्हणू नका, कशाला मी हात लावू देत नसे. आपण नवऱ्याला किती जपतो, याचं मनातून कौतुकच होतं मला!

गेल्या वर्षी ह्यांच्या उजव्या फुप्फुसात कर्करोगाची गाठ निघाली. लहान होती, पसरलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "तेवढा भाग काढता येईल. पण उरलेल्या फुप्फुसावर यांचं भागेल का, ते आधी पाहू."

नळीत जोरात फुंकायची तपासणी झाली. निकाल मधलाच आला, म्हणून जिना चढायला सांगितला. सुमारे 22 मीटर, म्हणजे सातएक मजले चढता आले तर धोका कमी. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून हे निघाले आणि चौथ्या मजल्यावर कठडा धरून उभे राहिले. मी सवयीनं पुढे झाले. सोबतच्या बाई म्हणाल्या, "ताई, हात देऊ नका. त्यांचं बळ मोजायचंय."

"हा दम केव्हापासून?" डॉक्टरांनी विचारलं. मला सांगताच येईना. दम गाठीचा नव्हता, तीस वर्षांच्या सिगरेटींचा होता. आणि तो मीच झाकून ठेवला होता.

मग सायकलची तपासणी. तोंडावर मुखवटा, छातीला तारा, पायडल हळूहळू जड होत जातं. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरतं, ते यंत्र मोजतं. दर किलो वजनामागे मिनिटाला 20 मिलिलिटरच्या वर असेल तर धोका कमी, 10च्या खाली असेल तर फार. ह्यांचा आकडा 14.

"शस्त्रक्रिया करू, पण धोका आहे," डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. सिगरेट कायमची बंद, तीन आठवडे रोज चालणं आणि श्वासाचे व्यायाम. ह्यांना धाप लागली की माझा जीव वरखाली होई. पण मी मध्ये पडले नाही.

शस्त्रक्रियेला आता सात महिने झाले. हे सावकाश जिना चढतात, वळणावर थांबतात. मीही थांबते.

मैत्रिणींनो, घरातलं माणूस जिन्यात थांबू लागलं, तर त्याच्या हातचं ओझं जरूर घ्या. पण कितव्या पायरीवर घेतलंत, ते लक्षात ठेवा. आणि डॉक्टरांना सांगा.